बाळ आल्यावर नवरा-बायकोतली ओढ कशी टिकवायची: सातव्या महिन्यापासून नोकरीवर परतेपर्यंत

पहिल्या बाळाची चाहूल लागली की इंदूरच्या मराठी घरांत याद्या सुरू होतात. डोहाळजेवण कधी, माहेरी कितव्या महिन्यात पाठवायचं, डिंक-अळीव कोण आणणार, मालिशवाल्या बाई मिळतील का, बारसं तिकडे की इकडे. नवरा-बायकोच्या नात्याचं काय होणार, ही ओळ कुठल्याच यादीत नसते. मग बाळ सहा-आठ महिन्यांचं होतं आणि एका घरात राहणारी दोन माणसं डबा, डायपर आणि डॉक्टरची तारीख एवढ्यापुरतीच बोलू लागतात.

यात कुणाचा स्वभाव वाईट असतो असं नाही. ई. ई. लेमास्टर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५७ साली ४६ जोडप्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ३८ जोडप्यांना पहिलं मूल हा संसाराला बसलेला मोठा हादरा वाटला होता. जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात आई झालेल्या बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींचं वैवाहिक समाधान घसरलं, उरलेल्या एक तृतीयांश जणींचं टिकलं किंवा वाढलं. टिकलेल्या घरांत नवरा आपुलकी उघड बोलून दाखवत होता, आणि एकमेकांच्या दिवसात काय चाललंय याची दोघांनाही खबर होती. या दोन गोष्टी इंदूरच्या घरात, सासू-सासऱ्यांसह, पीथमपूरच्या कारखान्यातल्या शिफ्टसह आणि माहेरच्या तीन महिन्यांसह कशा जमवायच्या, ते इथे क्रमाने सांगितलं आहे.

नेमकं काय सैल होतं

बाळ आणि आई यांच्या बंधाचा सिद्धांत मांडला ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ साली दाखवलं की मोठ्या माणसांच्या प्रेमातही बऱ्याच अंशी हाच बंध काम करतो. त्याचं मूळ साधं आहे: मी हाक मारली तर समोरून ओ येते का? बाळ येण्याआधी ही ओ दिवसातून वीस वेळा सहज येत असते. जेवून सराफ्याच्या खाऊगल्लीत चक्कर मारताना, गाडीवर मागे बसून बोलताना, झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात. बाळ आलं की या सगळ्या जागा एकदम बंद होतात.

त्यात शरीराची भर. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स झपाट्याने खाली येतात. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. एकेका वेळेला वीस ते चाळीस मिनिटं धरा, म्हणजे आईचे पाच-सहा तास यातच जातात, तेही तुकड्यातुकड्यांनी. दिवसभर कुणीतरी अंगाला चिकटलेलं असलं की रात्री नवऱ्याचा प्रेमाने टेकवलेला हातही नकोसा होतो. नवरा त्याचा अर्थ ‘आता हिला मी नको’ असा लावतो.

मग एक ठरलेलं चक्र सुरू होतं. रात्रीचे अकरा. बाळ नुकतंच खांद्यावर झोपलंय. ती दबक्या आवाजात म्हणते, “आज जुलाब झाले होते त्याला, तुला सांगायचंच राहिलं.” तो मोबाइलवरून नजर न काढता “हं” म्हणतो. ती म्हणते, “तुला काही पडलेलीच नाहीये.” तो म्हणतो, “आल्या आल्या सुरू झालं तुझं,” आणि कूस बदलतो. ती आवाज चढवते कारण ओ आली नाही. तो गप्प होतो कारण काहीही बोललं तरी चूकच ठरणार, असं त्याला वाटतं. तो जितका गप्प, तितकी ती मोठ्याने. भांडण जुलाबांवरून झालंय असं दोघांना वाटतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी डायपरवरून पुन्हा होतं. ज्याला मुळातच जोडीदार सोडून जाईल अशी भीती आहे तो जास्त मागे लागतो, ज्याला जवळीक झेपत नाही तो जास्त दूर जातो. आपण कोणत्या बाजूचे आहोत, हे बाळ येण्याआधीच दोघांनी एकमेकांना मोकळेपणाने सांगून ठेवावं.

सातवा महिना: वही घेऊन बसायची एक संध्याकाळ

माहेरी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी दीड तास मोकळा काढा. घरातले मोठे झोपल्यावर किंवा बाहेर, पण दोघंच. वहीत चार गोष्टी लिहून ठरवा.

पहिली, परत येण्याची तारीख. ‘बघू, बाळ जरा मोठं झाल्यावर’ हे उत्तर धरू नका. सवा महिना, तीन महिने, जे ठरेल ते लिहा. पुढे तब्येतीमुळे बदलावं लागलं तर दोघांनी मिळून बदला. तारीख दोन्हीकडच्या आयांनी परस्पर ठरवू नये.

दुसरी, रजा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, ती प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी नोकरीत तसा कायदा नाही. कंपनीचं धोरण असेल ते, नाहीतर आपल्याच सुट्ट्या. बहुतेकजण सगळी रजा प्रसूतीच्या आठवड्यात संपवतात. त्या वेळी दवाखान्यात नातेवाइकांची दाटी असते आणि बाबाच्या वाट्याला औषधं आणण्यापलीकडे काम येत नाही. चार-पाच दिवस तेव्हा घ्या आणि निम्म्याहून जास्त रजा ती बाळाला घेऊन इंदूरला परत येईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. या एका बदलाने पुष्कळ फरक पडतो.

तिसरी, कामांची वाटणी. इथे बहुतेक घरं फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक कामाचे तीन भाग असतात: लक्षात ठेवणं, आखणं आणि करणं. नवरा ‘तू फक्त सांग, मी करतो’ म्हणतो, तेव्हा पहिले दोन भाग बायकोच्याच डोक्यात राहतात आणि वर सांगण्याचं काम वाढतं. त्यामुळे काम द्यायचं तर तिन्ही भागांसकट द्या. उदाहरणार्थ लसीकरण बाबाकडे. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस, ९ महिन्यांना गोवर-रुबेला. तारखा त्याने लक्षात ठेवायच्या, कार्ड त्याच्याकडे, सुट्टी त्याने काढायची, लशीनंतर ताप आला तर कोणतं औषध किती थेंब हे डॉक्टरला त्याने विचारायचं. बायकोने आठवण करायची नाही, हाही वाटणीचाच भाग. अशी निदान चार कामं पूर्णपणे बाबाची हवीत: लसी, संध्याकाळची अंघोळ किंवा अंग पुसणं, डायपर-लंगोटांचा साठा आणि रात्रीची एक पाळी.

चौथी, पाहुणे. बारशानंतर भेटायला येणाऱ्यांच्या वेळा नवऱ्याने सांभाळायच्या. ‘पाच ते सात या’ हे त्याने फोनवर सांगितलं की कुणाला खटकत नाही. तेच बाळंतीण म्हणाली तर चर्चा होते.

माहेरचे महिने: खरी फट इथे पडते

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली चांगली प्रथा आहे. आईच्या हाताखाली शेक-शेगडी, विश्रांती, वेळेवर गरम जेवण मिळतं, आणि हे सुख मुलीला मिळायलाच हवं. पण त्याच तीन महिन्यांत ती आणि तिची आई बाळाच्या बाबतीत सरावतात आणि बाबा मात्र फोनवरचा माणूस होतो. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, कितीतरी बाळं दिवसाला दोन-तीन तास रडतात. ते त्याने पाहिलेलंच नसतं. परत आल्यावर तो बाळाला चुकीचा धरतो, ती पटकन काढून घेते, आणि चार-पाच वेळा असं झालं की तो हात पुढे करणं सोडून देतो.

उपाय तीन आहेत.

फोन दोन वेगवेगळे करा. एक व्हिडिओ कॉल बाळासाठी, पाच मिनिटांचा. दुसरा फक्त आवाजाचा, पंधरा मिनिटांचा, बाळ झोपल्यावर, फक्त तिच्यासाठी. दुसऱ्या फोनवर ‘बाळ काय करतंय’ हा प्रश्न शेवटी. आधी “टाके दुखतायत का अजून? काल रात्री किती झोप मिळाली?” तिनेही ऑफिसात काय झालं ते विचारावं. रिकाम्या घरात परतणाऱ्या माणसालाही ओ हवीच असते.

भेटीला जाताना जावई म्हणून जाऊ नका. माहेर उज्जैन, देवास किंवा खंडव्याला असेल तर दर शनिवार-रविवारी जाता येतं. पुणे-नागपूरला असेल तर धावत्या चार भेटींपेक्षा एक सलग आठवडा काढा. जावयाला बैठकीत बसवून पोह्यांची बशी हातात मिळते आणि बाळ पाच मिनिटं मांडीवर ठेवून परत आत जातं. पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगा, “आई, आज रात्री दूध पाजण्यापुरतं बाळ हिच्याकडे, बाकी मी बघतो. तुम्ही शांत झोपा.” त्यांना आश्चर्य वाटेल, क्वचित अवघडही वाटेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच कौतुकाने शेजारी सांगतील.

आणि हाताने करायची कामं शिका. मानेखाली तळवा देऊन उचलणं, डायपर बदलणं, दुधानंतर दहा-पंधरा मिनिटं उभं धरून ढेकर काढणं, कापडात गुंडाळणं, उघड्या छातीवर घेऊन अर्धा-एक तास बसणं. शेवटची गोष्ट बाबासाठी फार मोलाची आहे. बाळाला त्याच्या अंगाचा वास कळतो, आणि आपल्यामुळेही बाळ शांत होतं हा विश्वास त्याला येतो. तोच विश्वास पुढे बायकोच्या थकव्याला उत्तर देतो.

तिच्या बाजूने एकच गोष्ट, पण अवघड: तो चुकीच्या बाजूने डायपर लावत असेल तर लावू द्या. बाळाला इजा होणार नसेल तर मधे पडू नका.

इंदूरला परतल्यावर: आधी झोप, मग बाकी सगळं

सलग झोप मिळाली नाही की माणूस चिडतो, रडतो, समोरच्याच्या चेहऱ्यावर नसलेला राग वाचतो. म्हणून प्रेमाच्या गप्पांआधी रात्रीची पाळी लावा. दोघांनाही निदान चार तासांची अखंड झोप हे किमान माप.

दिवसपाळीच्या नोकरीसाठी वाटणी अशी: साडेनऊला ती दूध पाजते आणि शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत झोपते. साडेनऊ ते दोन बाळ त्याच्याकडे. मधली एक पाजणी काढून ठेवलेल्या दुधाची, वाटी-चमच्याने. दोननंतर ती उठते आणि तो साडेसहापर्यंत झोपतो. पीथमपूरची सकाळची शिफ्ट असेल आणि पहाटेच बस पकडायची असेल तर त्याची पाळी आठ ते बारा. रात्रपाळी करणाऱ्याने घरी आल्यावर आधी तास-दोन तास बाळ घ्यावं, तिला अंघोळ आणि शांतपणे नाश्ता करू द्यावा, मग झोपावं.

दूध काढून ठेवायला स्तनपान नीट बसल्यावरच सुरुवात करा, साधारण तीन-चार आठवड्यांनी. काढलेलं दूध २५ अंशांच्या आतल्या खोलीत चार तास टिकतं. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये ही अट घरात पूर्ण होत नाही, म्हणून काढल्याबरोबर फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. तिथे ते चार दिवस चालतं. गॅसवर उकळू नका, कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा. उरलेलं, बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या.

बाबा बाळाला घेऊन बसलाय आणि आजी येऊन “दे इकडे, तुला सकाळी ऑफिस आहे” म्हणते, तिथे पाळी मोडते. ऑफिस नसलेल्या माणसालाही सकाळ असते, हे त्याने आईला प्रेमाने सांगायचं.

रोजची वीस मिनिटं

ही वेळ ठरवून घ्यावी लागते, उरलेल्या वेळात ती सापडत नाही. बाळाच्या संध्याकाळच्या झोपेला जोडून ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दहा मिनिटं एकाने बोलायचं, दहा मिनिटं दुसऱ्याने. बोलणाऱ्याला उपाय सुचवायचे नाहीत. सुरुवात सुचत नसेल तर रोज हाच प्रश्न विचारा: “आज तुला सगळ्यात जड काय गेलं?” आणि एक वाक्य कौतुकाचं, नेमकं. ‘तू छान आई आहेस’ हे हवेत विरतं. “दुपारी तो एवढा रडत होता तरी तुझा आवाज चढला नाही, मी ऐकत होतो” हे मनात राहतं. नवऱ्यालाही हे लागतं. त्याच्या कामाला ‘मदत’ म्हटलं की ते उपकार होतात, म्हणून हा शब्द दोघांनीही टाळा.

तीन महिन्यांनंतर आठवड्यातून एकदा पाऊण तास बाहेर. रात्रीचा सराफा आता जमणार नाही, पण रविवारी सकाळी सातला इंदूर पोह्यांसाठी जागंच असतं. बाळाला दूध पाजून आजीकडे द्यायचं, कोपऱ्यावरचे पोहे-जिलबी खायचे, परत यायचं. पाऊण तासात बाळाला काही होत नाही.

घरातली मोठी माणसं

नियम एकच: आपापल्या आईशी आपण बोलायचं. सासूबाई सहा महिन्यांच्या आत घुटी किंवा पाणी देण्याचा आग्रह धरत असतील तर मुलाने सांगायचं, “आई, डॉक्टरांनी सहा महिने फक्त अंगावरचं दूध सांगितलंय. तू मालिश छान करतेस, ती तूच कर.” नकारासोबत एक खरं काम सोपवलं की आजी दुखावत नाही. सुनेची आई रोज फोनवरून ‘तुझ्याकडे कुणी लक्ष देत नाही’ म्हणत असेल तर मुलीने तिला थांबवायचं. नवरा मधल्या मधे गप्प राहिला की बायकोला तो विरुद्ध बाजूचा वाटतो, आणि ही जखम बाळंतपणाच्या टाक्यांपेक्षा उशिरा भरते.

शरीराची जवळीक

साधारण सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर डॉक्टर शरीरसंबंधांना हरकत नाही असं सांगतात, टाके पूर्ण भरले असतील तर. हरकत नाही म्हणजे इच्छा झालीच पाहिजे असं नव्हे. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी राहतं, योनीमार्ग कोरडा पडतो आणि दुखतं. दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आक्रसतं. पाण्याचा आधार असलेलं वंगण मेडिकलमध्ये मिळतं, ते वापरा, आणि तरीही दुखत असेल तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

मधल्या काळात स्पर्श बंद करू नका, पण त्याला पुढची अपेक्षा जोडू नका. पाय दाबून देणं, केसांना तेल लावणं, शेजारी टेकून बसणं. ‘आज फक्त एवढंच’ हे आधी बोलून टाकलं की तिचं अंग सैल होतं.

गर्भनिरोधनाचं ठरवल्याशिवाय सुरुवात नको, कारण दुसऱ्या गर्भाची धास्ती जवळीक मारते. पाळी आलेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे आणि रात्रंदिवस केवळ अंगावरच पितं, या तिन्ही अटी पूर्ण असतील तरच स्तनपानावर विसंबता येतं. बाबा रात्री वाटीने दूध पाजत असेल तर ती हमी धरू नका. निरोध, तांबी किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी ‘छाया’ गोळी स्तनपानात चालते. ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. नेहमीच्या दोन हार्मोनच्या गोळ्या मात्र अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नयेत. डॉक्टरांकडे दोघंही जा.

भांडण झालंच तर

रात्री दहानंतर पैसे, सासर-माहेर आणि नोकरी हे विषय काढायचे नाहीत. छातीत धडधडायला लागलं की समोरच्याचं कानात शिरत नाही, तेव्हा निदान वीस मिनिटांची विश्रांती घ्या. पण उठून जाताना परत येण्याची वेळ सांगा: “मी अर्ध्या तासाने येतो, मग बोलू.” न सांगता निघून गेलेला माणूस म्हणजे पुन्हा ओ न आलेली हाक. परत आल्यावर मुद्द्याआधी खालची गोष्ट बोला. “तू घरी काहीच करत नाहीस” याच्या तळाशी बहुतेक वेळा “मी एकटी पडलेय” असतं. तेवढंच बोललं तर समोरून उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

हा थकवा नसेल तर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं पुष्कळ बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढेही उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, ‘माझ्याविना सगळ्यांचं बरं होईल’ असे विचार राहिले तर तो आजार आहे. भारतातल्या अभ्यासांच्या २०१७ सालच्या एकत्रित आढाव्यात शंभर मातांमागे सुमारे २२ जणींना प्रसूतीनंतरचं नैराश्य आढळलं. बाबांमध्येही ते येतं, जगभरातल्या अभ्यासांत साधारण दहात एकाला. पुरुषांत ते बरेचदा रडण्याऐवजी चिडचिड, उशिरापर्यंत बाहेर थांबणं किंवा दारू अशा रूपात दिसतं. म्हणून ‘याचं लक्षच नाही’ असा निकाल देण्याआधी तेही तपासा.

हे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिंबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न असतात, मागच्या सात दिवसांबद्दल, एकूण ३० गुण. १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जा. स्वतःला इजा करण्याबद्दलच्या दहाव्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ सोडून कोणतंही उत्तर आलं तर त्याच दिवशी. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नसलेले आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलत्याच शंका, दोन-दोन रात्री झोपच नको वाटणं ही तातडीची अवस्था आहे. तिला बाळासोबत एकटी ठेवू नका आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आणि घरात मारहाण होत असेल तर वरचा कुठलाही उपाय लागू नाही. १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) वर फोन करा.

ती नोकरीवर परतते तेव्हा

पहिल्या दोन बाळंतपणांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती संपते त्याच सुमारास बाळाचं वरचं खाणं सुरू होतं, म्हणजे कामं वाढतात आणि माणसाचे तास कमी होतात. पहिल्या सहा महिन्यांत बसलेली वाटणी इथे मोडते आणि न बोलता सगळं पुन्हा तिच्याकडे सरकतं. म्हणून परतण्याच्या तीन आठवडे आधी तीच वही काढा. डबे, बाळाची खिमटी-पेज, आजीला लागणारी मदतनीस, बाळ आजारी पडलं तर सुट्टी कोण घेणार. आलटून पालटून, हे आधीच लिहा. तिच्या कंपनीत पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही आहे, त्याबद्दल एचआरला लेखी विचारा. परतण्याच्या आधीच्या आठवड्यात तिने दोन दिवस पूर्ण वेळ घराबाहेर राहून पाहावं. त्या दोन दिवसांत बाळ बाबाकडे, आजी दुसऱ्या खोलीत, आणि तिला फोन फक्त ताप असेल तरच.